जेवण जाईना : खाण्याच्या विकारांमागं मनात काय चाललेलं असतं?

संत नामदेवांची लहानपणची गोष्ट मराठी घरांत बहुतेकांनी ऐकलेली असते. वडील बाहेर गेलेले, देवाला नैवेद्य दाखवायचं काम छोट्या नामदेवावर आलं आणि देव काही जेवेना. पोरानं विनवण्या केल्या, रडला, शेवटी डोकं आपटून घ्यायला निघाला. तेव्हा कुठं विठ्ठलानं घास घेतला. ज्या नर्सीला नामदेवांचं जन्मगाव मानतात, ते हिंगोली जिल्ह्यात आहे. गोष्ट भक्तीची आहे, पण आपल्या घरांची एक समजूतही तीत आहे. समोरचं माणूस जेवलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं आपल्याला वाटतं, आणि मग त्याला जेवायला लावण्यासाठी आपण आधी लाडीगोडी, मग शपथा, मग रडारड असं सगळं करून पाहतो.

घरातली मुलगी महिन्यामागून महिने ताटावरून अर्धवट उठत असेल, तर घरात नेमकं हेच घडतं. फरक एवढाच की इथं घास घेतला जात नाही. "माझी शपथ आहे तुला" इथून सुरू झालेली गोष्ट "आमच्या तोंडाला काळं फासायचंय का" इथवर पोचते. हा हट्ट किंवा नखरा नसून आजार असू शकतो, ही शक्यता बहुतेक वेळा कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्या शक्यतेबद्दल हा लेख आहे.

आजार म्हणायचं कशाला?

चार दिवस जेवण गेलं नाही, परीक्षेच्या काळात भूक मेली, भांडण झालं म्हणून कुणी उपाशी झोपलं, हा आजार नव्हे. खाणं, वजन किंवा शरीर यांचेच विचार दिवसभर डोक्यात फिरत राहतात, खाण्याची पद्धत बिघडते, ती आठवडे-महिने तशीच राहते आणि तिच्यामुळे शरीर, अभ्यास, काम, नाती खराब होऊ लागतात, तेव्हा त्याला खाण्याचा विकार म्हणतात. इंग्रजीतलं 'ईटिंग डिसऑर्डर' ते हेच.

यातले तीन प्रकार जास्त ओळखीचे आहेत. ॲनोरेक्सिया नर्व्होसात माणूस शरीराला लागतं त्याहून फार कमी खातो आणि वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरतं. बुलिमिया नर्व्होसात थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, हात थांबत नाही, आणि नंतर अपराधीपणानं उलटी, कडक उपास किंवा अति व्यायाम करून ते 'फेडलं' जातं. बिंज ईटिंगमध्ये तसंच ताबा सुटून खाणं असतं, पण नंतरची फेड नसते. उरते ती लाज. या तिसऱ्या प्रकाराला मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. तोवर 'खादाड' हेच त्याचं निदान होतं म्हणायचं!

ॲनोरेक्सिया हे नाव १८७३ च्या सुमारास लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी रूढ केलं. त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणं, आणि तिथंच ते नाव फसवं आहे. आपल्याकडं 'अन्नावरची वासना उडणं' म्हणतात, ते तापात, काविळीत, नैराश्यात होतं. तिथं भूक खरोखर मेलेली असते. ॲनोरेक्सियाच्या बहुतेक रुग्णांना, निदान सुरुवातीला, कडकडून भूक लागते. ती दाबून धरण्यात त्यांचा सगळा दिवस जातो.

"मला बारीक व्हायचंय" असं न म्हणणारे रुग्ण

हा आजार म्हटलं की मॉडेल, सिनेमातल्या नट्या, झीरो फिगर असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. त्यामुळे तो मुंबई-पुण्याचा, पैसेवाल्यांचा आजार ठरतो आणि कळमनुरी, सेनगाव किंवा वसमतच्या घरात त्याचा संशयही कुणी घेत नाही. पण आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेले रुग्ण पाहिले तर चित्र वेगळं दिसतं.

दिल्लीच्या एम्समधले मानसोपचारतज्ज्ञ खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ मध्ये पाच तरुण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्या जेवत नव्हत्या, सतत उलट्या होत होत्या, वजन खूप उतरलं होतं, पाळी बंद झाली होती. आपण जाड आहोत असा भ्रम मात्र त्यांच्यात दिसला नाही आणि अंग मोडेस्तोवर हालचाल करण्याची ओढही नव्हती. त्यामुळे निदानाला वेळ लागला. बाकीचे आजार एकेक करून बाजूला काढल्यावरच ते झालं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मुलं आणि किशोरवयीन रुग्णांबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाण्याचे विकार असलेल्यांपैकी बहुसंख्य जणांची तक्रार मानसिक कारणानं होणाऱ्या उलट्यांची होती. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनाही हेच आढळलं होतं. त्यांचे अनेक रुग्ण "जाड होईन" असं न म्हणता "पोट भरल्यासारखं वाटतं", "पोट फुगतं" असं सांगत.

मराठवाड्यातल्या घरात हा आजार कोणत्या शब्दांत बोलेल, याचा अंदाज यावरून करता येतो. घास खाली उतरत नाही. पोटात गोळा येतो. पित्त झालंय. खाल्लं की मळमळतं. पोरगी असं सांगते, घरचे पित्ताची गोळी आणतात, मग कुणीतरी बाहेरची बाधा सुचवतं, मग दोरा-गंडा होतो. तिची तक्रार खोटी नसते. उपाशी राहिलेलं पोट खरंच मंद चालतं, थोडं खाल्लं तरी तडस लागल्यासारखं होतं. फक्त सुरुवात कुठून झाली हे कुणी विचारत नाही.

मनात काय असतं?

एकच एक कारण सापडत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. अनुवंशाचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ॲनोरेक्सियाच्या सुमारे १७ हजार रुग्णांची जनुकं तपासली गेली, आणि या आजाराशी संबंध असलेल्या आठ जागा मिळाल्या. त्यांतल्या खुणा मनाच्या आजारांकडं तशाच शरीराच्या चयापचयाकडंही बोट दाखवत होत्या. म्हणजे आईनं लाड केले म्हणून किंवा बापानं मारलं म्हणून आजार झाला, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पण जनुकं ही नुसती जमीन. तिच्यात काय पेरलं जातं, तो भाग भावनांचा.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताबा. ज्या माणसाच्या हातात स्वतःच्या आयुष्यातलं फार काही नसतं, त्याच्या हातात स्वतःचा घास तेवढा असतो. दहावीनंतर नांदेडला किंवा लातूरला नीटच्या क्लासला पाठवलेली मुलगी समजा. शाखा तिनं निवडलेली नाही, खोली निवडलेली नाही, कर्ज बापानं काढलेलं तिला माहीत आहे. चाचणीत गुण पडत नाहीत. मेसचा डबा अर्धा परत जातो. पहिल्यांदा ते ताणामुळे होतं. मग लक्षात येतं की उपाशी राहिलं की डोकं हलकं होतं, भीती बधिर होते, आणि एक गोष्ट तरी आपल्याला 'जमते'. अभ्यासात न मिळणारं यश इथं रोज मिळतं. हुशार, नीटनेटक्या, शब्दाबाहेर नसलेल्या, स्वतःकडून फार अपेक्षा करणाऱ्या मुलांना या आजाराचा धोका जास्त असतो. "आमची तर किती समंजस आहे" असं जिच्याबद्दल सांगितलं जातं, तिच्याकडं म्हणूनच जरा जास्त लक्ष असावं.

दुसरी गोष्ट न बोललेल्या रागाची. "अन्नावर राग काढू नये" असं आपल्याकडं पोरांना सांगतात. ते सांगावं लागतं, कारण राग काढायला अन्न हीच सगळ्यात जवळची आणि सुरक्षित जागा असते. सासूला उलट बोलता येत नाही, नवऱ्याला जाब विचारता येत नाही, पण "मला भूक नाही" म्हणता येतं. या वाक्यावर कुणाला भांडता येत नाही. जिथं सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिथं ती किती जेवली हे बघायला मागं कुणी उरलेलंही नसतं. नव्यानं सासरी आलेल्या मुलीचं वजन उतरलं तर "पाणी मानवलं नाही" म्हणतात. तिला काय मानवलं नाही, हे तिलाच एकटीला गाठून विचारायला हवं. घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांचा अनुभव अनेक रुग्णांच्या मागे असतो. प्रत्येकाच्या मागे असतोच असं मात्र नाही.

उलट दिशेचा प्रकार ताबा सुटून खाण्याचा. इथं अन्न हे औषधासारखं वापरलं जातं. दिवसभर सगळ्यांचं करून रात्री भांडी झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं, चव न कळता, पोट दुखेपर्यंत खाणारी बाई आपल्या भुकेचं काही करत नसते; तिला थोडा वेळ काहीच जाणवायला नको असतं. दुःख, एकटेपणा, कंटाळा यांच्यावर ते तेवढ्यापुरतं पांघरूण असतं. नंतर लाज येते. लाजेपायी दुसऱ्या दिवशी काही खायचं नाही असं ठरतं. आणि दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री पुन्हा तेच करतं. ही साखळी इच्छाशक्तीनं तुटत नाही, कारण तिच्यातली एक कडी ती 'इच्छाशक्ती'च आहे. नेमानं, दिवसातून तीन-चारदा खाणं ही उपचाराची पहिली पायरी असते.

आणि मग टोमणे. जाडी, ढोल्या, काडीपैलवान. ही नावं प्रेमानं ठेवली जातात असं ठेवणाऱ्यांचं म्हणणं असतं. कांदेपोह्याच्या कार्यक्रमानंतर "मुलगी जरा अंगानं..." असा निरोप आला की तो घरभर ऐकू जातो. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी, छाती भरत नाही म्हणून रोज टेप लावणारी, व्यायामशाळेत कितीही घाम गाळला तरी आरशात स्वतःला हडकुळी दिसणारी मुलं मराठवाड्यात कमी नाहीत. त्यांचं खाणंही विकाराकडं झुकू शकतं. पण मुलगा मोजून-मापून खाऊ लागला की त्याला शिस्त म्हणतात, त्यामुळे ते उशिरा कळतं.

फोनबद्दल थोडंसं. फिजी बेटांवर दूरदर्शन १९९५ मध्ये आलं. ॲन बेकर या संशोधिकेनं तिथल्या शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये प्रश्न विचारले. वजन कमी करण्यासाठी उलटी करणाऱ्या मुली पहिल्या वेळी शून्य होत्या. तीन वर्षांनी त्यांचं प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं होतं. भरल्या अंगाचं कौतुक करणाऱ्या समाजात हे घडलं. तिथं पडदा घरात एक होता, आता तो प्रत्येकाच्या हातात आहे. तुमच्या फीडवर 'आठवड्यात पोट गायब'चे व्हिडिओ वारंवार येत असतील तर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. उपाय किरकोळ आहे, पण पुढचे व्हिडिओ कोणते यायचे यावर त्याचा परिणाम होतो.

उपास आणि आजार यांतला फरक

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाचं ज्योतिर्लिंग आहे आणि वारकरी परंपरा घरोघरी आहे. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, गुरुवार-शनिवार यांचे उपास इथं नवीन नाहीत. उपासानं आजार होतो असं म्हणण्यात अर्थ नाही. पण आजाराला लपायला उपासासारखी दुसरी जागा नाही, हे खरं. जेवण टाळणाऱ्याला घरचे रागावतात. उपास करणाऱ्याच्या मात्र पाया पडतात.

फरक ओळखायला काही खुणा आहेत. उपासाला तिथी असते, पारणं असतं, आणि पारण्याच्या दिवशी माणूस आनंदानं जेवतं. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा घरात सगळ्यांसोबत होतो. आजारातला उपास वाढत जातो: सोमवार होता, त्याला गुरुवार जोडला, मग शनिवार. फराळही नको होतो. सोडायच्या दिवशी काही ना काही कारण निघतं. कुणी "या वेळी राहू दे, तुझी तब्येत बरी नाही" म्हटलं की देवाबद्दलच्या भावनेपेक्षा घबराट किंवा चिडच जास्त दिसते. हे शेवटचं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

उपासमार स्वतःच मन बिघडवते

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात भाग घ्यायला तत्त्वतः नकार देणारे ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेनं त्यात आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं. महायुद्धातल्या उपाशी लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं हे शिकण्यासाठी तो होता. मनाबद्दल जे कळलं ते अनपेक्षित होतं. ही मनानं सुदृढ माणसं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली. पाककृती गोळा करू लागली, एक घास तासभर चघळू लागली, चिडखोर आणि एकलकोंडी झाली. काहींना खोल नैराश्य आलं. पोटभर जेवण सुरू झाल्यावरही अनेकांना किती खाऊन थांबायचं हे बराच काळ कळेना.

याचा अर्थ असा की आपल्याला जे 'विचित्र वागणं' दिसतं, त्यातलं बरंचसं आजाराचं कारण नसून उपासमारीचा परिणाम असतं. घरातल्या सगळ्यांसाठी मन लावून स्वयंपाक करणारी आणि स्वतः न जेवणारी मुलगी ढोंग करत नसते. आणि म्हणूनच "आधी मन बरं होऊ दे, मग जेवेल" हे उलटं आहे. पोषण सुरू झाल्याशिवाय समुपदेशन डोक्यात शिरत नाही.

शरीरावर काय होतं ते थोडक्यात: पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, केस गळतात, थंडी वाजते, नाडी मंदावते. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. वजन अगदी नॉर्मल दिसणाऱ्या माणसातही हे होतं. मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्सियाचा मृत्युदर सर्वांत वरच्यांपैकी आहे, आणि त्या मृत्यूंपैकी साधारण पाचातला एक आत्महत्येचा असतो.

माती, खडू, पेन्सिल

गावाकडं जास्त दिसणारा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. चुलीची माती, खडू, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची तल्लफ. याला 'पायका' म्हणतात. गरोदरपणातले डोहाळे म्हणून ते हसण्यावारी नेलं जातं, पोरांना मार बसतो. पण यामागं पुष्कळदा रक्तातलं लोह कमी झालेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे आधी हिमोग्लोबिन तपासावं. लोहाच्या गोळ्यांनी अनेकांची तल्लफ काही आठवड्यांत जाते. तरीही गेली नाही, किंवा मूल एकटं पडलेलं, दुर्लक्षित, विकासात मागे असेल, तर मनाच्या बाजूनं तपासणी लागते.

घरी काय करावं, कुठं जावं?

ताटावर बोलू नये. शपथा, तुलना, "आफ्रिकेतली पोरं बघ" हे सगळं थांबवावं. बोलायचं ते जेवणाची वेळ सोडून, एकट्यात, आणि वजनाबद्दल नको. "तू हल्ली हसत नाहीस, रात्री जागी असतेस, मला काळजी वाटते" असं दिसलेलं सांगावं. "बारीक झालीस" हे तिला कौतुक वाटू शकतं आणि "आता बरी दिसतेस" हे "जाड झालीस" असं ऐकू येऊ शकतं. दोन्ही वाक्यं टाळलेली बरी.

याचा अर्थ जेवण तिच्या मर्जीवर सोडा असा नाही. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात सुरुवातीला काय आणि किती खायचं हे आईवडीलच ठरवतात, शेजारी बसून शांतपणे, न रागावता पूर्ण करून घेतात, आणि तब्येत सुधारेल तसा तो ताबा मुलीकडं परत देतात. आजार नवा असलेल्या किशोरवयीनांत हा उपचार चांगला लागू पडतो. आपल्याकडं घरात आजी, काकू, मावशी असतात. चौघींनी चार गोष्टी सांगण्यापेक्षा एकीनंच रोज शेजारी बसावं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये विचार आणि सवयी बदलण्याची मानसोपचार पद्धत (सीबीटी) उपयोगी पडते, काहींना औषधंही देतात.

आधी साध्या डॉक्टरांकडूनच सुरुवात करावी. वजन उतरण्यामागं क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह, जंत, गर्भधारणा यांपैकी काही नाही ना, हे पाहिल्याशिवाय मनाकडं वळू नये. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा जिल्हा रुग्णालयातून मिळते. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, आणि शेजारी नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवास जमत नसेल, किंवा घरात कळू द्यायचं नसेल, तर १४४१६ वर फोन करावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, पाणीही न टिकणं, उलटीत रक्त, किंवा मरणाच्या गोष्टी, यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्यावं.

डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर लिहून न्या: हे कधीपासून आहे, पाळी शेवटची कधी आली, उलट्या किती वेळा होतात, कोणती औषधं किंवा पावडरी चालू आहेत, त्या सुमारास घरात किंवा शाळेत काय घडलं होतं. आणि तपासणीच्या वेळी दहा मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. तिला जे सांगायचं आहे ते कदाचित तुमच्याबद्दलच असेल.